देवाचा कोप आणि सातबारा

(वस्तीतल्या बुद्धविहारात युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे. दोन-चार शिव्या संपादकांनी गाळल्यात, बाकी सगळं माझं.)



अध्यक्षांनी ओळख करून देताना मला कवी म्हटलं. त्या कवीची एक फजिती आधी सांगतो, कारण आजचं बोलणं तिच्यातूनच निघालंय.

गोदीत माझ्या टोळीत एक पोरगा होता. माझ्याच वयाचा, कंत्राटी, माझ्यासारखाच. नाव घेत नाही, त्याच्या आईला ते छापलेलं आवडणार नाही. दोन पावसाळ्यांमागे रात्री त्याच्या झोपडीवर मागची संरक्षक भिंत पडली. तो गेला, त्याची बायको गेली. सकाळी टोळीतले आम्ही आठ जण पोचलो. रोज गोणी उचलणाऱ्या हातांनी चिखल उपसला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी कविता लिहून नेली आणि उभा राहून म्हटली. तिच्यात आभाळ कोसळलं होतं, निसर्ग पिसाळला होता, काळाने झडप घातली होती. लोकांनी माना हलवल्या. कार्यक्रम संपल्यावर त्याची आई माझ्यापाशी आली. हातात चहा दिला आणि म्हणाली, "चांगलं म्हटलंस बाळा. पर आभाळ न्हाई पडलं. भिंत पडली."

मी चहा प्यायलो नाही. तसाच घरी आलो, कविता फाडली.

ते शब्द माझे नव्हतेच. मी ते पेपरातून उचलले होते. आपला मराठी पेपर उघडून बघा. पाऊस आला की 'वरुणराजाची कृपा'. जास्त आला की 'वरुणराजाचा कहर'. नदीने पात्र सोडलं की 'रौद्र रूप'. दरड पडली की 'काळाचा घाला'. बस दरीत गेली तरी काळाचाच घाला. 'निसर्गाचा कोप', 'नियतीचा क्रूर खेळ', 'अस्मानी संकट'. या भाषेत कर्ता कोण आहे ते बघा. शाळेत व्याकरणात विचारायचे ना, कर्ता ओळखा? कर्ता काळ, कर्ता नियती, कर्ता वरुण. इंजिनियर कर्ता नाही, कंत्राटदार कर्ता नाही, नाला बुजवणारा बिल्डर कर्ता नाही. त्यांच्यासाठी मराठीत कर्मणी प्रयोग राखून ठेवलाय. 'बांधकाम करण्यात आले होते.' कोणी केलं? करण्यात आलं!

पूर्वी पुराण सांगायला बुवा लागायचा. आता बातमीदार पुरतो. मी असं म्हणत नाही की तो बातमीदार देवभोळा असतो. तो बिचारा घाईत असतो, रात्री अकराला पान सोडायचं असतं. घाईत हाताशी येतात ते शब्द जुने असतात, आणि जुन्या शब्दांच्या खिशात जुना देव बसलेला असतो. काळ, नियती असले शब्द वापरले की कोणाला फोन करून विचारावं लागत नाही, भिंत कोणी बांधली. शब्द स्वस्त पडतो.

आणि टीव्ही. टीव्हीने तर खिशातला देव काढून टेबलावर ठेवला. २०१३ सालच्या जूनमध्ये केदारनाथला काय झालं आठवा. १६ आणि १७ जून. मान्सून उत्तराखंडावर नेहमीपेक्षा खूप आधी आला, डोंगरावर बर्फ असताना धो धो पाऊस पडला, आणि १७ तारखेला सकाळी केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव हिमनदीने टाकलेल्या मातीगोट्यांचा बांध फोडून खाली आला. पाच हजारांवर माणसं गेली किंवा सापडलीच नाहीत. नदीच्या पात्राला खेटून हॉटेलं होती, धर्मशाळा होत्या. आणि चॅनेलवर दिवसरात्र काय? १६ तारखेला संध्याकाळी अलकनंदेवरच्या वीजप्रकल्पासाठी धारी देवीची मूर्ती जागेवरून हलवली, म्हणून देवी कोपली. मोठमोठ्या पुढाऱ्यांनी हेच म्हटलं. दुसरी बातमी, देवळामागे एक मोठी शिळा येऊन अडकली, पाणी दोन्ही बाजूंनी फाकलं आणि देऊळ वाचलं. चमत्कार! शिळेला नाव दिलं, आता तिची पूजा होते.

म्हणजे एका देवीने रागावून पाच हजार मारले आणि एका देवाने दगड आणून स्वतःचं घर वाचवलं. हे मी म्हणत नाही, त्यांच्याच दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या की असं दिसतं. त्या वाटेवर खेचरं हाकणारे, म्हाताऱ्या यात्रेकरूंना पाठीवरच्या टोपलीत बसवून चढवणारे नेपाळी मजूर होते. त्यांची यादी कोणाकडे होती? यात्रेकरूचं नातेवाईक फोटो घेऊन टीव्हीसमोर उभं राहू शकतं. हमालाचा फोटोच नसतो. मी हमाल आहे म्हणून मला हे आधी दिसतं, एवढंच.

आता एक अवघड गोष्ट. अवघड अशासाठी की यात देव आपल्या बाजूने बोलला असं सांगितलं गेलंय.

१५ जानेवारी १९३४. दुपारी सव्वादोनच्या सुमारास बिहार आणि नेपाळ हादरले. मुंगेर शहर, मुझफ्फरपूर शहर भुईसपाट. बिहारात सात हजारांवर माणसं मेली, नेपाळात आणखी आठेक हजार. उत्तर बिहारच्या सखल भागात जमीनच पातळ झाली. खालचं पाणी आणि वाळू कारंज्यासारखी वर आली, विहिरी वाळूने भरल्या, उभ्या शेतांवर वाळू पसरली. कारण आज शाळेतलं पोरही सांगेल. हिंदुस्थानचं भूकवच हिमालयाखाली रेटत चाललंय, ताण साठतो, एक दिवस सुटतो.

गांधी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध दौरा करत दक्षिणेत फिरत होते. २४ जानेवारीला तिरुनेलवेलीला ते म्हणाले, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा. रवींद्रनाथ टागोरांना ते सहन झालं नाही. त्यांनी निषेध लिहून पाठवला. गांधींनी तो आपल्याच 'हरिजन' साप्ताहिकात १६ फेब्रुवारीच्या अंकात छापला आणि त्याच अंकात उत्तर दिलं. टागोरांचं म्हणणं थोडक्यात असं, की भूकंपाची कारणं जमिनीतच असतात, माणसाच्या नीतीत नसतात. आणि पुढचं म्हणणं जास्त मोलाचं. असला तर्क गांधींपेक्षा गांधींच्या विरोधकांच्या डोक्याला जास्त शोभतो. झालंही तसंच. सनातनी मंडळी म्हणायला लागली की हो, शिक्षाच आहे, पण अस्पृश्यतेची नव्हे, अस्पृश्यांना देवळात घ्यायला निघालात त्याची! आता कोणाचा देव खरा? कोर्ट कुठलं? त्याच एप्रिलमध्ये बिहारात जसीडीहला सनातन्यांनी गांधींच्या मोटारीवर हल्ला केला, जूनमध्ये पुण्यात बॉम्ब टाकला. भूकंपाने त्यांना काडीचा पश्चात्ताप झाला नव्हता. गांधींनी उत्तरात कबूल केलं की मला हे सिद्ध करता येणार नाही, पण माझी श्रद्धा आहे. नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात यावर कडक लिहिलंय.

गांधींवर दगड भिरकावून टाळ्या घेणं आपल्यात सोपं आहे. मला तसं करायचं नाही. उलट विरोधकाचा लेख आपल्याच पेपरात पूर्ण छापायचा, ही गोष्ट आजच्या चॅनेलवाल्यांनी त्यांच्याकडून शिकावी. तो माणूस मनापासून बोलत होता. पण मनापासून बोललं म्हणून बरोबर होत नाही, आणि आपल्या बाजूने बोललं म्हणून तर मुळीच नाही.

मला सांगा, मुंगेरमध्ये मेले त्यात मुसहर नव्हते? दुसाध नव्हते? चांभार नव्हते? ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच डोक्यावर भिंत पाडायची, हा कसला न्याय? मुकादम चूक करतो आणि टोळीची खाडा लागते, तसला हा देव दिसतो. आणि पाप तिरुनेलवेलीत, मलबारात, आमच्या मराठवाड्यात, तर शिक्षा मुंगेरला? पत्ता चुकला?

दुसरं. अस्पृश्यता ही भूकंपाला जोडली की ती हवामानाची गोष्ट होते. जमीन हलली तर पाप झालं, नाही हलली तर ठीक चाललंय. मग २००६ सालच्या २९ सप्टेंबरला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली, तेव्हा भंडारा जिल्ह्यात पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. म्हणजे देवाची हरकत नव्हती असं समजायचं? आपला माणूस माणूस आहे म्हणून अस्पृश्यता जायला हवी. भूकंपाच्या भीतीने ती जाणार असेल तर भूकंप थांबला की परत येईल.

तेव्हा असल्या देवाची मदत आपण नाकारायची. तो आज आपल्याकडून बोलतो, उद्या त्यांच्याकडून. २००१ सालच्या २६ जानेवारीला भुज पडलं. कर्नाटकातले एक मंत्री टी. जॉन म्हणाले, गुजरातेत ख्रिश्चनांना छळलं त्याची ही शिक्षा. त्यांना राजीनामा द्यावा लागला. २०१८ सालच्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, तर रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळावरचे एस. गुरुमूर्ती यांनी शबरीमलाच्या खटल्याशी त्याचा संबंध आहे का ते न्यायाधीशांनी बघावं असं सुचवलं. बायकांना प्रवेश देणारा निकाल लागला २८ सप्टेंबरला. म्हणजे शिक्षा ऑगस्टात आणि गुन्हा सप्टेंबरात! आमच्या गोदीतसुद्धा असा कारभार नाही, तिथे निदान आधी काम करून घेतात आणि मग पगार कापतात.

तारखांचा खेळ आपणही खेळू शकतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' बोटीचा स्फोट झाला. बाबासाहेबांचा वाढदिवस. लावा काय अर्थ लावायचा तो. पण गोदीतल्या जुन्या माणसांनी आम्हाला अर्थ नाही सांगितला. त्यांनी सांगितलं की बोटीत कापसाच्या गाठी आणि चौदाशे टन स्फोटकं एकत्र भरली होती, वर सोन्याच्या विटा होत्या, आणि दारूगोळ्याच्या बोटीवर चढवायचा लाल बावटा चढवला नव्हता. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. गोदी कामगार किती गेले त्याचा आकडा आजवर नीट लागलेला नाही. सोन्याच्या विटा मात्र मोजून गोळा केल्या.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

माझा बाप मुंबईला आला १९९४ साली. किल्लारीच्या पट्ट्यातलं गाव, नाव सांगत नाही, गावात अजून आजी आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. लातूर आणि उस्मानाबाद, ज्याला आता धाराशिव म्हणतात, या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. गणपती बोळवला आणि लगेच हे, म्हणून विघ्नहर्ता रागावला, पाप वाढलं, असं लोक बोलायला लागले. आजी सांगते, पेपरवाले यायचे, पडलेल्या घरांत न फुटलेली देवाची तसबीर शोधायचे. सापडली की फोटो.

पण मारलं कोणी? नंतर इंजिनियर लोकांनी पाहिलं. दोन-दोन फूट जाड भिंती, गोल दगडाच्या, सिमेंट नाही, चुना नाही, नुसत्या चिखलात रचलेल्या. वर लाकडी तुळया आणि तुळयांवर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून मातीचा जाड थर, माळवद. भूकंप तसा ६.२ चा. जगात तेवढ्या भूकंपाने एवढी माणसं मरत नाहीत. भिंत फाकली, माळवद खाली आलं, माणूस झोपेत गाडला. आणि १९९२ सालच्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीत धक्के बसत होते, लोक घाबरून सरकारकडे गेले होते. देवाने नोटीस दिली होती म्हणा हवं तर. सरकारने ती फायलीला लावली.

आमचा महारवाडा गावाबाहेर. आजीचं घर म्हणजे कुडाच्या भिंती, वर पालापाचोळा आणि दोन पत्रे. ते डोलत राहिलं, पडलं नाही. आमच्या वाड्यात त्या रात्री तीन माणसं मेली, गावात घरागणिक. मग दोन कुजबुजी उठल्या. गावातून आवाज आला, यांनी देव सोडले म्हणून गावावर आलं. आणि आमच्यातून, मित्रांनो, हे लपवायचं नाही, आमच्यातून आवाज आला, बघा, आपल्याला बाबांनी राखलं, आपला बुद्ध पावला. आजीसुद्धा म्हणायची. मी लहानपणी वाद घालायचो नाही. मोठा झाल्यावर म्हणालो, आजी, तुला कुडाने राखलं. दगडी घर बांधायला तुझ्याकडे पैसा नव्हता म्हणून तू वाचलीस. बाबासाहेबांनी कोणाला राखायचं आणि बाजूच्या गल्लीतल्या लेकराला मरू द्यायचं, असं ठरवलं असं म्हणणं हा बाबांचा अपमान आहे. आजी गप्प झाली. मग म्हणाली, "व्हय रं, त्या पलीकडच्या वाड्यातल्या पोरीला म्याच दूध पाजलं हुतं." ती पोरगी माळवदाखाली गेली. दाईपणाला महारीण चालायची.

पुढचं ऐका. देव मारताना जातपात, गरीब-श्रीमंत बघत नाही असं कीर्तनात सांगतात. चला, मानलं. देणारे काय बघतात? जागतिक बँकेचा पैसा आला, ५२ गावं नव्या जागी वसवली. घर किती मोठं द्यायचं ते जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर ज्याची जमीन त्याला ७५०. भूकंपाने एका रात्रीत सगळं गाव सारखं केलं होतं, वाडा आणि झोपडी एका पातळीवर आणली होती. सरकारने सातबारा काढला आणि गाव पुन्हा होतं तसं उभं केलं, यावेळी सिमेंटमध्ये. आजीला २५०. आजही तिथे राहते. मला त्या २५० फुटांपुढे देवाचा कोप फार लहान वाटतो.

हे एका जिल्ह्याचं नाही. २००४ सालच्या २६ डिसेंबरला त्सुनामी आली. तामिळनाडूत सगळ्यात जास्त माणसं नागपट्टिनम जिल्ह्यात गेली, सहा हजारांवर. कोणी म्हणालं, कांचीच्या शंकराचार्यांना नोव्हेंबरात खुनाच्या आरोपात अटक केली त्याचा हा शाप. आणि आपल्यातला एखादा म्हणेल, याच नागपट्टिनममध्ये किळवेणमणी आहे. १९६८ सालच्या २५ डिसेंबरला मजुरी वाढवून मागितली म्हणून ४४ दलित, बहुतेक बायका-पोरं, झोपडीत कोंडून जाळली. छत्तीस वर्षांनी एका दिवसाच्या फरकाने समुद्राने हिशेब केला! कवितेला ओळ फक्कड आहे. मलाही सुचली होती. पण समुद्राने नेले ते किनाऱ्यावरचे कोळी आणि खाजणातले दलित मजूर. जाळणारे जमीनदार आत, भाताच्या शेतात होते. अशी ओळ लिहिणारा कवी मेलेल्या पोराच्या अंगावर पाय ठेवून वर चढतो. मी ती लिहिली नाही.

तिथे पुढे काय झालं ते पेपरांत आलं, पण आतल्या पानांवर. मदत छावण्यांत दलितांना शेजारी झोपू दिलं नाही, हाकलून काढलं, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही. आणि किनाऱ्यावर कुजलेली प्रेतं उचलायला दुसऱ्या शहरांतून सफाई कामगार आणले. ते कोण होते सांगायची गरज आहे? जिवंतपणी त्यांची सावली नको, मेल्यावर त्यांचे हात पाहिजेत. समुद्राने किनारा धुऊन नेला, जात नाही नेली. जात पोहायला शिकलेली आहे.

माझ्या आजीचा बाप पोतराज होता. गावात पटकी आली की मरीआई कोपली म्हणायचे आणि आमच्या पणज्याला बोलवायचे. त्याने कोरडा ओढून स्वतःच्या अंगावर मारायचे, रक्त काढायचं, मग मरीआईचा गाडा ओढून शिवेपलीकडे सोडायचा, दुसऱ्या गावाच्या हद्दीत. तिथला पोतराज तो पुढे ढकलायचा. पटकी पाण्यातून पसरते. जंतू १८८४ सालीच दाखवून झाला होता. ज्या पाण्याला आम्हाला हात लावायची बंदी, त्या पाण्यातून आलेला रोग आमच्या पाठीवर फटके मारून घालवायचे! देवाच्या कोपाला नेहमी एक पाठ लागते. ती कोणाची, ते आधीच ठरलेलं असतं.

आता गोदीतलं सांगतो. बोटीवर माल चढला की एक कागद बनतो. समुद्रमार्गे मालवाहतुकीचा १९२५ चा कायदा होता, इंग्रजांच्या वेळचा. त्यात मालाचं नुकसान झालं तर बोटवाला कधी जबाबदार नाही याची यादी होती. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, 'ॲक्ट ऑफ गॉड'. देवाची करणी. आम्ही हसायचो. साधू, बडवे, पुजारी बाजूला राहिले, देवावर सगळ्यात पक्की श्रद्धा बोट कंपनीच्या वकिलाची! आणि आता हे कागदावरून बाहेर आलंय. २०१६ साली कोलकात्यात बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल पडला, वीसहून जास्त माणसं मेली, कंपनीचा माणूस म्हणाला देवाची करणी. २०२० साली राज्यांना जीएसटीची भरपाई द्यायची वेळ आली तेव्हा अर्थमंत्री म्हणाल्या, कोरोना ही देवाची करणी. २०२२ साली मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ माणसं बुडाली, कंपनीचा मॅनेजर कोर्टात म्हणाला देवाची इच्छा. देव इतका कामाचा असतो हे आमच्या पणज्याला माहीत नव्हतं. तो आपला फुकट फटके खात बसला.

खरं म्हणजे गोदीत आम्ही वाऱ्याला देव म्हणत नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की मच्छीमार बोटी आत घेतात, क्रेन बांधून ठेवतात, आम्ही हॅचमधून वर येतो. बावटा हवामान खात्याच्या सांगण्यावरून चढतो. २०२१ सालच्या मेमध्ये तौक्ते वादळ येतंय हे हवामान खात्याने दिवस आधी सांगितलं होतं. तरी मुंबईच्या समुद्रात तेलविहिरींजवळ 'पी ३०५' नावाचा तराफा २६१ कामगारांना घेऊन उभा होता. १७ मेला बुडाला. त्याच्यावरची आणि 'वरप्रदा' टगवरची मिळून सत्तरच्या वर माणसं गेली. तिथे वारा होता, लाटा होत्या, मान्य. पण माणसं तिथे कोणाच्या हुकमाने थांबली होती? वारा हुकूम देत नाही.

बाबासाहेब या बाबतीत काय करत होते ते आपल्या जयंतीच्या भाषणांत येत नाही. १९४३ च्या पावसाळ्यात दामोदर नदीला पूर आला, बांध फुटला, कलकत्त्याचा रस्ता आणि रेल्वे तुटली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बघत होते, आणि पाण्याचा, विजेचा विषय त्याच खात्याकडे होता. १९४५ च्या जानेवारीत त्यांनी कलकत्त्याला बैठक घेतली. नोव्हेंबरात ओरिसाच्या नद्यांसाठी कटकला गेले. तिथे त्यांनी सांगितलं की जास्त पाणी ही आपत्ती समजणंच चूक, माणसाला जास्त त्रास पाणी कमी असण्याचा होतो, तेव्हा पाणी समुद्रात हाकलायचं कसं हे न बघता अडवून वापरायचं कसं ते बघा. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ झालं. ज्या माणसाच्या लोकांनी पाण्याला हात लावला म्हणून १९२७ साली महाडला डोकी फुटली, तळं शेणमुताने 'शुद्ध' केलं, तो माणूस पुराकडे बघून शाप, पाप काही म्हणत नाही. किती घनफूट, ते विचारतो. त्या धरणांनी आदिवासी उठवले, ते खरं आहे, तोही हिशेब मांडायला पाहिजे, पण तो माणसांशीच मांडायचा आहे.

आता भिंतीवर येतो आणि थांबतो, माझी रात्रपाळी आहे.

डोंगराला टेकून भिंत बांधतात तेव्हा तिला खाली ओळीने भोकं ठेवतात. मागे मुरलेलं पाणी त्यातून निघून जातं. ती बुजली तर भिंतीमागे पाणी साठतं, माती फुगते आणि भिंतीला ढकलते. आमच्या मित्राच्या घरामागच्या भिंतीला चार-पाच भोकं होती आणि ती सगळी राडारोड्याने बुजलेली होती. मी स्वतः पाहिलं. पडलेल्या तुकड्यात बोट घालून पाहिलं. पंचनाम्यात काय लिहिलं? 'अतिवृष्टीमुळे नैसर्गिक आपत्ती'. त्याच्या आईला तो कागद वाचून दाखवला. साहेब म्हणाले, मावशी, नैसर्गिक लिहिलं तर माणशी चार लाखांचा चेक निघेल. निष्काळजीपणा म्हणालात तर पोलीस केस, कोर्ट, वर्षानुवर्षं. सही करा. तिने अंगठा दिला. दोन वर्षांचा नातू कडेवर होता, ती काय करणार? मला म्हणणारी, आभाळ न्हाई पडलं, भिंत पडली, तीच बाई. तिला काय झालं ते पक्कं ठाऊक होतं, आणि पोराच्या दुधासाठी तिला आभाळ पडलं असं लिहून द्यावं लागलं. मी तिला दोष देत नाही. तुम्हीही कोणी देऊ नका. पण त्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर पट्टी फिरली, 'निसर्गापुढे माणूस हतबल', तेव्हा मला कळलं की ही पट्टी आणि तो पंचनामा एकाच शाईने लिहितात.

ती भिंत पूर्ण पडलेली नाही. अजून साठेक फूट उभी आहे, तिच्या खाली एकवीस घरं आहेत. मधोमध तडा गेलाय, त्यात माझी चार बोटं जातात. आपण अर्ज तयार केलाय. भिंत कधी बांधली, कोणी बांधली, भोकं कधी साफ केली होती, एवढं विचारलंय, आणि पावसाळ्याआधी उत्तर मागितलंय. फोटो जोडलेत, तारखेसकट. पेपरवाल्यांनाही एक एक प्रत द्यायची आहे. अर्जात 'नैसर्गिक' हा शब्द कुठेही घातलेला नाही, मी दोनदा वाचून पाहिला.

अर्ज बाहेर चपलांजवळ टेबलावर ठेवलाय. सही करून जा. अंगठाही चालेल, शाईचा पॅड आणलाय.

जयभीम.